कमी-जास्त पत्रक : हार्ड डिस्कवरील वाटण्यांचा इतिहास

थ्रेड. एकाच संगणकावर विंडोज आणि लिनक्स अशा दोन प्रणाली नांदत असतील, तर आज ना उद्या एकीची जागा कमी करून दुसरीला द्यावी लागते. पार्टिशनची हद्द हलवणे हे काम आता माउसच्या चार ठोक्यांत होते. ते इतके सोपे दिसू लागण्याआधी दोन दशके गेली, आणि त्या काळात अनेकांचे लिखाण, हिशेब व छायाचित्रे नाहीशी झाली. आजचा थ्रेड त्या दोन दशकांविषयी. नेहमीप्रमाणे लांब आहे, सवडीने वाचावा.

सुरुवात ताथवड्यापासून करतो. मुंबई–बंगळुरू महामार्गालगतचे हे मुळशी तालुक्यातील गाव २००९ साली पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेत गेले. त्याआधीच तेथे अभियांत्रिकी आणि व्यवस्थापनाची महाविद्यालये उभी राहिली होती, शेजारी हिंजवडीचे माहिती तंत्रज्ञान संकुल वाढत होते, आणि गावातल्या घरांचे वरचे मजले विद्यार्थ्यांना भाड्याने दिले जात होते. २००६ च्या मार्च महिन्यात मी अशाच एका खोलीत राहत होतो. घरमालकांना आम्ही सगळे आण्णा म्हणत असू.

माझ्या संगणकात ४० जीबीची हार्ड डिस्क होती. सुरुवातीला विंडोज एक्सपीची ‘सी’, मध्ये आमच्या कामाची ‘डी’ आणि शेवटी लिनक्स. ‘सी’ भरत आली होती. ‘डी’ची डावी हद्द पाच जीबीने उजवीकडे सरकवायची आणि मोकळी झालेली जागा ‘सी’ला जोडायची, असा बेत होता. रात्री अकराच्या सुमारास काम सुरू केले. पडद्यावरची पट्टी निम्म्यापर्यंत आली आणि वीज गेली. यूपीएस नव्हता. ‘डी’वर चौघांनी मिळून लिहिलेला अंतिम वर्षाचा प्रकल्प होता, त्याचा अर्धा झालेला अहवाल होता, आणि दुसरी प्रत कोठेही नव्हती. वीज परतल्यावर विंडोजने ‘डी’ला फॉरमॅट करायचे का, असे विचारले.

त्या काळातील भारनियमन आठवत असेल त्याला यात नवल वाटणार नाही. त्यानंतर काही महिन्यांतच पुणे परिसरातील कारखान्यांच्या स्वतःच्या जनित्रांचा उपयोग करून शहर भारनियमनातून मुक्त ठेवण्याचा प्रयोग सुरू झाला, आणि तो ‘पुणे मॉडेल’ या नावाने देशभर गाजला. आम्हाला मात्र तो थोडा उशिराच भेटला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आण्णा ओट्यावर कागद पसरून बसले होते. भावाभावांत जमिनीची वाटणी चालली होती. त्यांनी विचारले, “काय रे, तोंड का उतरलंय?” मी थोडक्यात सांगितले. त्यांना हार्ड डिस्क ठाऊक नव्हती, पण हद्द हलवणे हा शब्द बरोबर ठाऊक होता. “मोजणी केलीस का आधी? आधी जमिनीवर मोजायचं, मग कमी-जास्त पत्रक, मग फेरफार, मग सातबारा. मधेच कोण उठून गेलं तर कागद एक बोलतो नि बांध दुसरंच.” हार्ड डिस्कवर नेमके हेच घडले होते, हे समजायला मला पुढे बरेच वाचावे लागले.

कमी-जास्त पत्रक हा भूमि अभिलेख खात्याचा कागद. संपादन, बिनशेती किंवा वाटणी यांमुळे एखाद्या गटाचे क्षेत्र घटले अथवा वाढले, की तो फरक या पत्रकाने अधिकृत होतो आणि त्यावरून गावच्या दप्तरातील नोंद दुरुस्त होते. जमीन जागची हलत नाही. हलते ती नोंद. पण नोंद आणि जमीन यांत तफावत राहिली, की दोन पिढ्यांची कोर्टबाजी ठरलेली.

पुणे जिल्ह्याने ही तफावत मोठ्या प्रमाणावर भोगली आहे. १८२० च्या दशकाच्या अखेरीस कंपनी सरकारच्या प्रिंगल या अधिकाऱ्याने येथे जमिनीची पाहणी करून आकारणी बसवली. कागदावर ती काटेकोर होती. प्रत्यक्षात मोजणीतील चुका आणि कनिष्ठ नोकरांचा गैरव्यवहार यांमुळे ती रयतेला जाचक ठरली आणि कोलमडली. मग १८३५–३६ मध्ये इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी पुन्हा नव्याने पाहणी केली, आणि पुढे मुंबई इलाख्यातील मोजणीची पद्धत त्यांच्या कामावर उभी राहिली. हे विषयांतर वाटेल, पण येथून पुढे जो तांत्रिक भाग येतो त्याचा सांगाडा हाच आहे : एक नोंद, एक प्रत्यक्ष वस्तू, आणि दोन्ही बदलण्याचा क्रम.

आता हार्ड डिस्कचे दप्तर. आयबीएमचा पहिला ‘पीसी’ १९८१ चा. त्यात हार्ड डिस्क नव्हतीच. मार्च १९८३ मध्ये आलेल्या ‘पीसी एक्सटी’त १० एमबीची डिस्क आली, आणि तिच्यासोबत डॉसची दुसरी आवृत्ती व ‘एफडिस्क’ नावाचा छोटा प्रोग्राम. डिस्कचे चारपर्यंत भाग पाडता येतील अशी सोय त्यात केलेली होती. दहा एमबीचे चार तुकडे कशाला, असे आज वाटते. उद्देश जागा वाटण्याचा नव्हता. डॉसच्या शेजारी सीपी/एम-८६ किंवा झेनिक्ससारखी दुसरी प्रणाली त्याच डिस्कवर राहू शकावी, हा होता. म्हणजे ज्याला आपण ‘ड्युअल बूट’ म्हणतो आणि हौशी लोकांचा उद्योग समजतो, त्याच्यासाठीच पार्टिशनची कल्पना पीसीवर आली. विंडोजवाले ‘सी’ आणि ‘डी’ पाडतात ती तिची नंतरची, घरगुती वापरातली छटा.

हे दप्तर किती लहान होते पाहा. डिस्कच्या अगदी पहिल्या सेक्टरमध्ये ५१२ बाइट असतात. त्यांतले ४४६ बाइट संगणक सुरू करणाऱ्या सूचनांचे, शेवटचे दोन बाइट खुणेचे, आणि मधले ६४ बाइट म्हणजे विभागणीचा तक्ता : चार ओळी, प्रत्येकी सोळा बाइट. प्रत्येक ओळीत भाग कोठे सुरू होतो, किती लांब आहे आणि कोणत्या जातीचा आहे, एवढेच. या परिच्छेदातील एखाद्या वाक्यालाही याहून जास्त जागा लागते. त्या ६४ बाइटांवर अख्ख्या डिस्कची मालकी ठरे, आणि त्यांची दुसरी प्रत डिस्कवर कोठेही ठेवलेली नसे.

आणि तरीही हा तक्ता म्हणजे अर्धीच नोंद. दुसरी अर्धी प्रत्येक पार्टिशनच्या आत असते. फॅट असो, एनटीएफएस असो की लिनक्सची एक्स्ट मालिका, प्रत्येक फाइल सिस्टिम आपली स्वतःची लांबी आपल्याच प्रारंभी लिहून ठेवते, आणि फाइली कोठे ठेवायच्या हे त्या आकड्यावरून ठरवते. बाहेरच्या तक्त्यात तिचे काय लिहिले आहे, याच्याशी तिला देणेघेणे नसते.

सगळा धोका या दोन आकड्यांमध्ये आहे. समजा तक्त्यात भाग लहान केला, पण आतल्या फाइल सिस्टिमला सांगितलेच नाही. ती आपली पूर्वीची लांबीच खरी मानते. कधी तरी तिच्या नोंदीनुसार हद्दीपलीकडची जागा वापरायची वेळ येते, आणि प्रणालीनुसार एक तर ती चालूच होत नाही, किंवा जुन्या साधनांच्या बाबतीत थेट शेजाऱ्याच्या जागेत लिहू लागते. दुसरा प्रकार पहिल्याहून वाईट, कारण तो लगेच दिसत नाही. डिस्क रिकामी आहे तोवर सारे सुरळीत चालते. महिन्याभराने लिनक्स उघडत नाही आणि कारण कोणाला सुचत नाही.

म्हणून कमी करताना आधी आतला ऐवज आत ओढायचा, फाइल सिस्टिम लहान करायची, आणि मगच बाहेरची हद्द आणायची. वाढवताना उलट : आधी हद्द, मग आतली फाइल सिस्टिम. हा क्रम आता प्रत्येक साधन आपणहून पाळते. १९८३ मध्ये कोणतेच साधन तो पाळत नव्हते, कारण तसे साधनच नव्हते. एफडिस्कला भाग पाडता येत आणि मोडता येत. छोटा-मोठा करता येत नसे. आकार बदलायचा तर सारे पुसून नव्याने सुरुवात.

ही अडचण कोणाला फारशी बोचत नव्हती, कारण दोन प्रणाली एकत्र नांदवणारे लोक मूठभर होते. १९९१ नंतर ते बदलले. हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने ऑगस्ट १९९१ मध्ये आपल्या नव्या प्रणालीची वार्ता दिली, तेव्हा तो स्वतः मिनिक्स नावाच्या प्रणालीवर काम करीत होता. लिनक्सच्या बाल्यावस्थेतील एक प्रसंग त्याने आपल्या आत्मकथनात सांगितला आहे. मॉडेमला फोन लावण्याची आज्ञा त्याने चुकून हार्ड डिस्कला दिली, आणि मिनिक्सच्या पार्टिशनची वाट लागली. मिनिक्स पुन्हा बसवावे की अपुऱ्या लिनक्सवरच पुढे जावे, असा प्रश्न होता. त्याने दुसरा मार्ग धरला. पार्टिशन गमावण्याने जगाचे भले झाल्याचे माझ्या माहितीतील हे एकमेव उदाहरण. त्याचा आधार घेऊन कोणी बॅकअप टाळू नये.

भारतात लिनक्स पोहोचले ते मुख्यतः सीडीवरून. विदेश संचार निगमची सर्वसामान्यांसाठीची इंटरनेट सेवा १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाली होती, पण त्या वेगाने एक सीडीभर माहिती उतरवून घेणे कोणाच्या आवाक्यात नव्हते. १९९६ साली ‘पीसीक्वेस्ट’ या मासिकाने अंकासोबत लिनक्सची सीडी वाटली. या उपक्रमामागे अतुल चिटणीस होते : जन्म बर्लिनचा, जडणघडण बेळगावची, अभियांत्रिकीचे शिक्षण तेथील गोगटे इन्स्टिट्यूटमध्ये, आणि कर्मभूमी बंगळुरू. पुढे ‘फॉस डॉट इन’ या परिषदेचे तेच सूत्रधार झाले. २०१३ मध्ये त्यांचे निधन झाले. त्या सीड्या हातोहात फिरत. पुण्यातही लिनक्स वापरणाऱ्यांचा गट तयार झाला होता, आणि अडलेल्याला तेथे उत्तर मिळे.

पण सीडी हाती आली तरी बसवायची कोठे? घरात संगणक एक, तोही कर्ज काढून घेतलेला. त्यावर वडिलांचे हिशेब, ताईचा टायपिंगचा सराव, शेजारच्या काकांची पत्रे. दुकानदाराने संपूर्ण डिस्क एकाच ‘सी’मध्ये बांधून दिलेली. ती पुसण्याची परवानगी मिळणे शक्य नव्हते. लिनक्सचा भारतातील प्रसार या एका प्रश्नापाशी किती वेळा अडला असेल, याची कोठेच नोंद नाही. माझ्या मते बूट फ्लॉपी आणि मोडेम यांहूनही हा अडसर मोठा होता.

त्यावरचे पहिले लोकप्रिय उत्तर एका जर्मन प्रोग्रामरचे. आर्नो शेफर यांनी १९९३ च्या सुमारास ‘फिप्स’ लिहिले : आतला मजकूर न पुसता फॅट पार्टिशनचे दोन तुकडे करणारा, फुकट वाटता येणारा प्रोग्राम. लिनक्सच्या अनेक सीड्यांवर तो डॉसच्या साधनांसोबत असे. फिप्सची मर्यादाच त्याची शहाणीव होती. तो आतला कोणताही मजकूर हलवत नसे. आधी डॉसच्या डीफ्रॅग प्रोग्रामने सगळ्या फाइली भागाच्या सुरुवातीकडे गोळा करायच्या. मग फिप्स शेवटची जागा खरोखरच रिकामी आहे का ते तपासे आणि रिकामी असेल तरच तेथे रेघ ओढे. एखादी न हलणारी छुपी फाइल अगदी टोकाला बसलेली असली, तर तो सरळ नकार देई, आणि आपण चिडत असू.

शिवाय तो बदल करण्यापूर्वी जुना तक्ता व बूट सेक्टर यांची प्रत फ्लॉपीवर काढून ठेवण्याचा आग्रह धरी. बिनसलेच तर त्या फ्लॉपीवरून संगणक सुरू करून पूर्वस्थिती परत आणता येई. काही वर्षांनी त्या फ्लॉप्यांना बुरशी लागली ही गोष्ट वेगळी. पण ‘आधी जुन्या नोंदीची नक्कल, मग बदल’ हा नियम हजारो विद्यार्थ्यांना प्रथम फिप्सने शिकवला.

अमेरिकेतील युटा राज्यातील पॉवरक्वेस्ट या कंपनीचे ‘पार्टिशनमॅजिक’ याच दशकातले. त्याने हद्दी चित्रात दाखवल्या, ओढून हलवता येतील अशा केल्या, आणि मुख्य म्हणजे फाइली आपणहून सरकवल्या. विकतचे होते, आपल्याकडे किती जणांनी विकत घेतले हा प्रश्न न विचारलेला बरा. २००३ मध्ये ती कंपनी सिमँटेकने घेतली आणि ते साधन हळूहळू मागे पडले. इकडे शतक संपता संपता अँड्र्यू क्लॉसेन आणि लेनर्ट बायटेनहेक यांनी ‘ग्नू पार्टेड’ उभे केले, आणि मुक्त साधनांनाही हे काम जमू लागले. पण फक्त फॅट आणि लिनक्सच्या स्वतःच्या फाइल सिस्टिमपुरते.

२००१ मध्ये विंडोज एक्सपी आले आणि घराघरांत एनटीएफएस गेले. या फाइल सिस्टिमची अंतर्गत रचना मायक्रोसॉफ्टने पूर्णपणे उघड केलेली नव्हती. लिनक्सच्या लोकांनी ती बाहेरून चाचपत, तुकड्यातुकड्याने उलगडली. अशा अंधारात कोणाच्या घरच्या डिस्कचा आकार बदलायचा म्हणजे न पाहिलेल्या विहिरीत उडी. २००२ मध्ये हंगेरीच्या साबोल्च साकाचित्स यांनी ‘एनटीएफएसरिसाइझ’ लिहिले. या साधनाविषयी जरा रेंगाळतो, कारण मला ते या सगळ्या इतिहासातले सर्वांत प्रामाणिक वाटते.

एक, त्याला नुसती तालीम करता येत असे : प्रत्यक्ष काहीही न बदलता सर्व हिशेब करून, काम जमेल की नाही एवढे सांगणे. दोन, विंडोज नीट बंद झालेले नसेल किंवा आतल्या नोंदींत विसंगती दिसली, तर ते हात लावायला नकार देई आणि आधी विंडोजमधून तपासणी करून या म्हणे. तीन, काम झाल्यावर ते विंडोजच्या पुढच्या सुरुवातीला डिस्कची तपासणी आपोआप होईल अशी खूण करून ठेवी. आणि चार, सर्वांत महत्त्वाचे : ते फक्त आतली फाइल सिस्टिम लहान करी, तक्त्याला स्पर्शही करीत नसे. तक्ता बदलणे हे वेगळे काम आहे आणि ते वेगळ्या साधनाने करायचे, हे त्याच्या माहितीपत्रात स्पष्ट सांगितलेले होते. नवख्याला ही अडचण वाटे. खरे तर आण्णा म्हणाले तेच : मोजणी करणारा वेगळा, नोंद करणारा वेगळा.

२००४ मध्ये बार्ट हाकफोर्ट यांनी ‘जीपार्टेड’ सुरू केले आणि या सुट्या साधनांवर एक चित्रमय पडदा चढवला. लवकरच ते सीडीवरून थेट चालू लागले. याचा फायदा केवळ सोयीचा नव्हता. चालू प्रणालीखालची जमीन मोजता येत नाही. ज्या भागातून प्रणाली चालते आहे तो उघडा असतो, त्यात सतत लिखाण होत असते. बाहेरून, सीडीवरून सुरू केलेल्या प्रणालीने दोन्ही भाग मिटलेल्या अवस्थेत हाताळता येतात.

मग २००७ मध्ये विंडोज व्हिस्टाने आकार कमी करण्याची सोय स्वतःच्याच डिस्क मॅनेजमेंटमध्ये दिली. ज्याची फाइल सिस्टिम तोच ती आवळणार. अंधारातले चाचपणे संपले. मात्र तेथेही फिप्सच्या काळातील जुना पाहुणा हजर होता. निम्मी डिस्क रिकामी असूनही विंडोज म्हणते की फक्त दहा जीबी कमी करता येतील. कारण पेजफाइल, हायबरनेशनची फाइल किंवा एनटीएफएसच्या मुख्य तक्त्याचा एखादा तुकडा मध्येच बसलेला असतो आणि चालू अवस्थेत विंडोज तो हलवू शकत नाही. त्या सोयी तात्पुरत्या बंद करून, संगणक पुन्हा सुरू करून प्रयत्न केला, की बहुधा जागा मिळते.

आता माझ्या त्या रात्रीकडे येतो. आकार कमी करणे आणि जागा सरकवणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे मला तेव्हा कळले नव्हते. उजवी हद्द आत आणताना टोकाकडचा थोडाच मजकूर हलतो. डावी हद्द हलवायची तर भागाचा प्रारंभच बदलतो, आणि त्यामुळे आतला प्रत्येक ब्लॉक, अगदी रिकामा नसलेला एकूण एक, तेवढ्याच अंतराने नव्या जागी लिहावा लागतो. हे तासन्‌तास चालते. मध्येच वीज गेली, तर अर्धा मजकूर नव्या पत्त्यावर, अर्धा जुन्या. आणि दोन्ही नोंदी त्या क्षणी खोट्या.

केवळ तक्ता गेला असता तर ‘टेस्टडिस्क’सारख्या साधनाने डिस्क चाळून हरवलेल्या हद्दी पुन्हा शोधल्या असत्या, नोंद फाटली तरी बांध जागेवर असतो. येथे बांधच अर्धा उखडला होता. शेवटी ‘फोटोरेक’ने फाइलींच्या अंगभूत खुणांवरून काही तुकडे बाहेर काढले. तो नावे परत देऊ शकत नाही. हजारो आकडेवजा नावांच्या फाइलींतून आम्ही चौघांनी आठ दिवस अहवालाची पाने ओळखत काढली. प्रोग्रामचा मोठा भाग पुन्हा लिहिला. माझ्या सोबत्यांनी मला त्यावरून बोल लावला नाही, हे त्यांचे मोठेपण. मीच त्यांना विचारल्यावाचून रात्री अकराला तो उद्योग मांडला होता.

त्यानंतरच्या काळात तीन गोष्टी बदलल्या.

पहिली, तक्ता. जुन्या तक्त्यात सेक्टर मोजायला ३२ बिट होते, म्हणून नेहमीच्या सेक्टरच्या डिस्कची मर्यादा सुमारे २ टीबी. नव्या ‘जीपीटी’ पद्धतीत साधारणपणे १२८ भागांची सोय असते, तक्त्याची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी ठेवलेली असते, आणि दोन्ही प्रतींवर बेरीज-पडताळणीचा आकडा असतो. ६४ बाइटांच्या एकुलत्या नोंदीवर जगणाऱ्या पिढीला ही चैनच. त्यासोबत एक लहानसा ‘ईएफआय’ भाग येतो. दोन्ही प्रणाली तेथूनच सुरू होतात. तो रिकामा वाटला तरी त्याला हात लावायचा नसतो.

दुसरी, विंडोज बंद होण्याचा अर्थ. २०१२ च्या विंडोज ८ पासून ‘फास्ट स्टार्टअप’ आले. शटडाउन केल्यावर विंडोज पूर्ण बंद होत नाही. गाभ्याची अवस्था डिस्कवर गोठवून ठेवते. अशा वेळी लिनक्समधून त्या भागाचा आकार बदलला किंवा त्यात लिहिले, की विंडोज जागे झाल्यावर आपली जुनी स्मृती खरी मानते, आणि घोळ सुरू. साधने अशी डिस्क ओळखून नकार देतात. लोक तो नकार दडपण्याचा मार्ग शोधतात. त्यांनी तो शोधू नये.

तिसरी, कुलूप. नव्या लॅपटॉपवर बिटलॉकर किंवा तत्सम कूटबंद अनेकदा आधीपासूनच चालू असतो, आणि मालकाला त्याचा पत्ता नसतो. जीपार्टेडला त्या भागाचा आकार बदलता येत नाही. सुरू होण्याच्या व्यवस्थेत काही फेरफार दिसला, तर विंडोज ४८ अंकी किल्ली मागते. ती कागदावर लिहून ठेवलेली नसेल, तर डिस्क शाबूत असूनही सारे गेल्यातच जमा.

आज कोणी मला विचारले तर मी हे काम असे करतो. आधी महत्त्वाचे सगळे दुसऱ्या डिस्कवर, आणि तिथली दोन-चार फाइली उघडून पाहायच्या. न उघडलेला बॅकअप हा अंदाज असतो. बिटलॉकरची किल्ली कागदावर. फास्ट स्टार्टअप बंद, विंडोजच्या स्वतःच्या साधनाने डिस्कची तपासणी, मग विंडोजचा भाग विंडोजकडूनच लहान करायचा. लिनक्सच्या साधनाने नाही. त्यानंतर विंडोज दोनदा सुरू करून पाहायचे आणि तिथेच थांबायचे. मोकळी जागा तशीच मोकळी ठेवून. लिनक्सचे काम दुसऱ्या दिवशी, पेनड्राइव्हवरून सुरू केलेल्या प्रणालीतून, लॅपटॉप चार्जरला जोडलेला असताना.

आणि येथे नेहमीचा सापळा असतो. विंडोजकडून मिळालेली जागा लिनक्सच्या डावीकडे पडते. ती लिनक्सला जोडायची म्हणजे त्याची डावी हद्द हलवणे, म्हणजे माझी २००६ ची रात्र पुन्हा. होता होईतो मी ते करीत नाही. त्या मोकळ्या जागेत नवे पार्टिशन पाडून घरचे दप्तर, म्हणजे ‘होम’, तेथे हलवले तरी जागेचा प्रश्न सुटतो. जुना भाग जागचा हलत नाही. एक्स्ट४ लहान करायची असेल, तर ती मिटलेली असावी लागते. एक्सएफएस तर लहान होतच नाही. निवडतानाच हे ध्यानात असावे.

तुकडे सलग नसले तरी चालतील, अशी सोय लिनक्समध्ये १९९८ पासून आहे. हाइन्झ माउएल्सहागन यांनी आणलेल्या ‘एलव्हीएम’ पद्धतीत डिस्कचे निरनिराळे भाग एका खात्यात जमा होतात आणि त्यातून हवा तेवढा आकार काढून देता येतो. शेतकऱ्याची जमीन तीन गटांत विखुरलेली असली तरी आठ-अ च्या उताऱ्यावर ती एका खात्याखाली दिसते, तसे. नव्याने लिनक्स बसवणाऱ्याने हा पर्याय पहिल्याच दिवशी निवडला, तर पुढे वाढवण्याचे काम मिनिटाचे होते. कमी करण्याचे नाही. तेथे क्रम पूर्वीचाच, आधी आत, मग बाहेर.

आण्णांच्या वाटणीचे कमी-जास्त पत्रक आम्ही खोली सोडेपर्यंत आले नव्हते. मोजणीची तारीख दोनदा पुढे गेली होती, आणि ते म्हणाले होते की उशीर झाला तरी चालेल, पण बांधावर चारही भाऊ उभे असल्याशिवाय साखळी टाकू द्यायची नाही.